पालथी परात

"परात गेली वाटतं गच्चीवर," मामी पिठाचा डबा हातात धरून भिंतीला म्हणाल्या. भिंत काही बोलली नाही. मीही नाही.

माझ्या आईच्या या मावसभावाचे, म्हणजे मामांचे, आकाशातल्या उपग्रहांशी जितके घरोब्याचे संबंध आहेत, तितके वरवंडात भावकीतल्या एकाशीही नाहीत. इंजिनिअरिंग संपवून मी त्यांच्याकडे काम शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ते गच्चीवरून ओरडले, "एकवीस आलेत गं!" एवढ्या भाकरी कोण थापणार, म्हणून मी घाबरून मामींकडे पाहिलं. "ह्यांचे पाहुणे जेवत न्हाईत," मामी म्हणाल्या, "तेवढंच एक बरं हाय."

मामा उपग्रहांवरून रस्ता दाखवणाऱ्या यंत्रांसाठी अँटेना बनवतात. चिनी मातीची चौकोनी वडी आणि वर चांदीचा पातळ थर, बस. ही वडी लहान करत नेणं हाच त्यांचा ध्यास. बिस्किटाएवढी होती, ती कॅरमच्या सोंगटीहून लहान झाली. "मोठं काय, रेडकूबी होतं," ते म्हणायचे, "लहान करायला अक्कल लागती." उपग्रहाच्या लहरींशी सूर जुळेना की चांदीची कड पॉलिश पेपरनं केसभर घासायची. जास्त घासली तर वडी वाया, कारण गेलेली चांदी परत येत नाही. न्हावरे गावातल्या एका लग्नात तर त्यांनी अँटेना टोपीत घातला आणि मंगलाष्टकं चालू असताना मोबाइलकडे बघत पुटपुटले, "सहाच! डोक्यात पाणी फार हाय माझ्या, सगळ्या लहरी पिऊन टाकतंय." शेजारच्या आप्पांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला आज कळलं व्हय?"

गच्चीला सपाट जागा नव्हती, म्हणून अँटेना ते मामींच्या पालथ्या परातीवर ठेवत. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की निम्मं काम परातच करतेय. अँटेनाला खाली धातूचं अंगण लागतं आणि ते मामांनी नकळत दिलंय. सांगायचं होतं. पण कुठल्या भाषेत सुरुवात करावी हे ठरेपर्यंत माझ्यापुढून विषय निघून जातो. तीन महिने गेले.

मग ट्रॅक्टर सरळ रेषेत चालवणारं यंत्र बनवणारे एक साहेब न्हावऱ्याच्या शेतात चाचणी घ्यायला आले. अँटेना पसंत पडला नाही तर कामाची खोली पिठाच्या गिरणीला द्यायची, असं मामांनी मामींना कबूल केलं होतं. प्लॅस्टिकच्या डब्यावर अँटेना बसवला. चार उपग्रह. पुन्हा चालू केलं, तीन. साहेब गाडीची किल्ली चाचपू लागले. मामांनी खिशातून पॉलिश पेपर काढला. अँटेना डब्यावरून उचलून हातात घेतला. बांधावर लिंबाखाली मामी पाहुण्यांच्या जेवणाचा कांदा चिरत बसल्या होत्या, आणि पुढ्यात तीच परात.

आता मामांच्या प्रत्येक अँटेनाखाली पत्र्याचा तुकडा असतो, खोलीत गिरणी नाही, आणि मी पुण्यात नोकरी करते. संध्याकाळी कधी गच्चीवर गेले की कुणीतरी आकडा ओरडेल असं उगाच वाटतं. ऑर्डर आपल्या इवल्याशा वडीनं आणली असं मामा सांगतात. मामी म्हणतात, परातीनं. मी त्यात पडत नाही. त्या दिवशी पॉलिश पेपर चांदीला टेकायच्या आत, माझ्याच कानांना परक्या वाटलेल्या आवाजात मी ओरडले होते, "मामा, घासू नका! मामी, ती परात द्या!"