येळवशीचे पाहुणे

निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं असतील. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, क्षय झाला आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना मोकळ्या हवेत ठेवायला सांगितलं. म्हणून ते बेंबळीच्या वाटेवरच्या आमच्या शेतात खोपीत राहू लागले. आई रोज भाकरी नेई. मी अकरा वर्षांची, भाऊ बराच धाकटा. आजार अप्पांना होता, पण गावानं तो आम्हा सगळ्यांना वाटून टाकला. विहिरीवर आई आली की बायका घागरी मागं ओढत. पोरं आमच्या घरासमोरून श्वास रोखून पळत. मी मुद्दाम त्यांची वाट अडवायचे आणि चेहरे लालबुंद झाले की बाजूला व्हायचे. फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

येळवशीचं मात्र सोसवत नसे. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्या भागात गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची झोपडीसारखी कोप, तिच्यात पांडवांची पूजा, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, माठभर अंबील. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. अप्पांचा नेम असा, की पाहुणा जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. पूर्वी आमच्या कोपीत पंगतीमागून पंगती उठत. आजारानंतरच्या पहिल्या येळवशीला एकही माणूस फिरकला नाही आणि अप्पा दिवसभर उपाशी राहिले. त्यानंतर आठवडाभर ते अंथरुणातून उठले नाहीत.

दुसऱ्या वर्षीही आईनं तेवढंच रांधलं. अप्पा कोपीपासून दूर, बाभळीखाली घोंगडीवर जाऊन बसले. आपण दिसलो नाही तर लोक येतील, असं त्यांना वाटे. मी शेजारच्या शेतांतून बोलावून आले. "व्हा म्होरं, येतोच," सगळे म्हणाले. ऊन कलायला लागलं. वाटेनं एक गाडी आली आणि आमच्या बांधाशी बैल हाणून निघून गेली.

"अप्पा, कुणी येत न्हाय. जेवा आता," मी म्हणाले.

"पाव्हण्याच्या आधी? न्हाय गं बाई."

त्यांच्या हाताची हाडं दिसत होती. मला गावाचा राग आला, त्याहून जास्त त्यांचा. मी भावाचं मनगट धरलं आणि तरातरा शेताबाहेर निघाले. आई हाका मारत राहिली. ज्वारी डोक्याच्या वर होती. तिच्या कडेनं लांबचा वळसा घालून आम्ही वाटेवर आलो. भावाचं नाक पुसलं, टोपी सरळ केली आणि वाटेकडून शेतात शिरत मी ओरडले, "हाय का कुणी? पाव्हणं आलेत!"

अप्पा बघतच राहिले. मग उठले, मुंडासं नीट केलं आणि लांबूनच हात जोडले. "या, या. लई उशीर केला तुमी. अगं, पाणी दे पाव्हण्यांना."

आईनं पाय धुवायला पाणी दिलं. तिचे डोळे भरले होते, पण वाढताना तिनं आग्रह सोडला नाही.

"बैलं कशी हायती तुमची?" अप्पांनी बाभळीखालून विचारलं.

"बरी हायती. एक जरा मारकं हाय," असं म्हणून मी भावाकडे बोट दाखवलं. अप्पा हसले, खोकले, पुन्हा हसले. आम्ही हात धुतल्यावर त्यांनी आपल्या वेगळ्या थाळीत वाढून घेतलं आणि पोटभर जेवले.

निघताना पाहुण्यांच्या रीतीनं आम्ही नमस्कार केला.

"पुढल्या येळवशीला याल न्हवं?" अप्पांनी विचारलं.

मोठी माणसं देतात तेच उत्तर मी दिलं, "येऊ की. तुमी असा म्हंजे झालं."

बोलून गेले आणि मग मला ते ऐकू आलं. अप्पांनी लांबूनच पुन्हा हात जोडले.

पुढल्या येळवशीला बाभळीखाली घोंगडी नव्हती. घरून निघताना भावानं विचारलं, "अक्का, वाटंकडनंच जायचं का?" आम्ही वाटेकडूनच गेलो. आईनं पाय धुवायला पाणी दिलं, आणि आमची जेवणं होईपर्यंत घास घेतला नाही.