वाफेआडची कुजबुज

वाफेचा पडदा विरला आणि ताम्पेरेच्या सार्वजनिक सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, बायकांच्या वरच्या बाकावर, सिर्पा दिसली. वाचनालयाचे संगणक ती सांभाळायची. मधे तिची साहेबीण इर्मेली आणि या टोकाला मी, म्हातारी नटी. वाचकांची पत्रं इंटरनेटवरून उघडी जात होती. सिर्पाला ती वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत असं करायचं होतं.

“पत्रं घेणाऱ्या अनोळखी संगणकांशी गुपितं? आधी त्यांच्याशी करार कर,” इर्मेली म्हणाली.

“या आजींचं नाव काय गं?” सिर्पाने माझ्याकडे बोट दाखवलं.

“मला काय ठाऊक?”

“मग मघाशी घटस्फोटाची हकिकत त्यांच्या कानात का कुजबुजलीस?”

मी हसू दाबलं. इर्मेलीने तापल्या दगडांवर पाणी ओतलं.

“बरं, कर सुरू. पण पलीकडच्या संगणकाला कुजबुजता येत नसेल तर?”

“तर त्याच्याशी आजवरसारखंच मोठ्यानं बोलू; त्याची पत्रं उघडीच जातील.”