आडव्या लाटा

गल्लीतली पोरं त्याला एरियलमामा म्हणत. छतांवर एरियल बसवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि त्यातली निम्मी तरी नुसतं आकाशाकडे बघण्यात. बायको म्हणायची, "शिडी चढलात की तुम्ही आमचे राहत नाही." खोटं नव्हतं ते. वर बसलं की त्याला वाटे, आत्ता या घटकेला आपल्या बरगड्यांमधून काय काय चाललं असेल! कुणाचं गाणं, कुणाच्या बातम्या, टॅक्सीवाल्यांची वायरलेसवरची भांडणं. रेडिओच्या या लाटांना ना तार लागते, ना वारा. मधे हवासुद्धा नसली तरी चालतं, आणि वेग उन्हाचाच. ऊन आणि गाणं एकाच घरातली भावंडं. उन्हाच्या लाटा फार बारीक, गाण्याच्या माणसाहून लांब, एवढाच काय तो फरक. असा विचार करत तो बसे, आणि खाली शिडी धरणारा कंटाळून निघून जाई.

त्या दिवशी मात्र तो थोरल्या बहिणीच्या छतावर होता आणि स्वप्नं बघायची सोय नव्हती. ताईची मुलगी तीन वर्षांपूर्वी बँकेतली नोकरी सोडून शंभर किलोमीटरवरच्या शहरात रेडिओवर बोलायला गेली. "तुझा आवाजसुद्धा नको मला ऐकायला," ताई तेव्हा म्हणाली होती. मोडेन पण वाकणार नाही, हा ताईचा खाक्या. अबोला अजून चालूच होता. आणि आता तीच म्हणत होती, "अकराच्या आत जोड हं. हवामान ऐकायचंय." अकराला हवामान कोण सांगतं, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

अकरा वाजून गेले. खिडकीतून नुसती खरखर वर येत होती. मग ताईचा आवाज आला, "राहू दे. नसेल नशिबात."

ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. चिडून त्याने कपडे वाळत घालायची दोरी धरून हिसडली. दोरी कठड्याच्या उभ्या गजांमधून पलीकडे गेली होती. वरखाली हलवली, तर लाट गजांमधून सरळ पलीकडे धावली. आडवी हलवली, तर गजांवर आपटून तिथेच मेली. तो दोरीकडे बघत राहिला आणि मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. त्या स्टेशनच्या लाटा आडव्या डुलत येतात, आणि आपण एरियलच्या काड्या ठेवल्यात उभ्या! टॅक्सी ऑफिसच्या वायरलेसला उभ्याच लागतात. जन्मभर त्याच बसवल्या, हाताला वळण पडलं. त्याने पाना घेतला आणि एरियल आडवं केलं.

खरखर विरघळली. खालून स्वच्छ आवाज आला, "...दुपारनंतर आकाश ढगाळ राहील..."

तो खाली उतरला तेव्हा ताई मान खाली घालून ऐकत होती. आता रडेल, नाहीतर बंद तरी करेल, असं त्याला वाटलं.

"सर्दी झालीय हिला," ताई म्हणाली. "नाकात बोलतेय बघ."

"घेतलं असेल काहीतरी औषध."

"कुठलं घेतेय! फोन लाव तिला."

"ताई, ती बोलतेय अजून."

"मग बोलून होऊ दे की." ताईने खुर्ची रेडिओजवळ ओढली आणि डोळे पुसले. "तीन वर्षं थांबले, पाच मिनिटं थांबेन."