कोंड्याचं पाणी

माझी थोरली मुलगी दोन महिन्यांची असताना तिचा आवाज गेला. ती रडायची, तोंड उघडायची, मुठी आवळायची, सगळा चेहरा आक्रसून जायचा, पण गळ्यातून काहीच बाहेर पडायचं नाही. पाळण्याकडे पाठ करून काही काम करत बसले, तर पोर रडतंय हे मला कळायचंसुद्धा नाही. म्हणून मी तिच्याकडे सारखी बघत बसायची.

पहिलं महायुद्ध संपून चार-सहा वर्षं झाली असतील. कर्जतपासून दोन कोसांवर आमचं गाव. घरची भातशेती, दोन बैल, एक गाय. माझी आई माझ्या लग्नाआधीच वारली होती, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच झालं. घरात आम्ही तिघंच: मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे.

आत्याबाईंनी चाळीस वर्षं रोज भात कांडलं होतं. पहाटे उठायचं, उखळात भात घालायचं, मुसळ हाणायचं, मग सुपात घेऊन पाखडायचं, तेव्हा कुठे दुपारच्या जेवणाचा तांदूळ निघायचा. त्यांच्या दोन्ही तळव्यांना घट्टे पडले होते आणि उजवा खांदा कायमचा खाली उतरला होता. लग्न होऊन मी आले तेव्हा पहिल्या वर्षी आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून कांडत असू. नंतर कर्जतला स्टेशनाजवळ भाताची गिरण निघाली. त्याच सुमारास मला दिवस गेले होते. एका सकाळी आत्याबाईंनी माझ्या हातातलं मुसळ काढून घेतलं आणि ह्यांना म्हणाल्या, "आजपासून भात गिरनीत न्यायचं. माज्या हाताचं झालं ते झालं. हिच्या हाताला घट्टे नकोत."

मला तेव्हा काय आनंद झाला होता! गाडीतून गिरणीचा तांदूळ आला तो मोगऱ्याच्या कळ्यांसारखा पांढरा. आमचा हातसडीचा तांदूळ तांबूस, जाडाभरडा. हा शिजला की शीत न् शीत मोकळं. आत्याबाईंनी मूठभर तांदूळ शेजारणींना दाखवायला नेला होता. गिरणीतून कोंड्याचं पोतंही यायचं, ते गोठ्यात जायचं. गाय महिन्याभरात तुकतुकीत दिसायला लागली.

मुलगी दिवाळीनंतर झाली. बाळंतिणीचं पथ्य आत्याबाईंनी फार काटेकोर सांभाळलं. नाचणी थंड, म्हणून भाकरी बंद. कुळीथ उष्ण, म्हणून पिठलं बंद. वाल आणि डाळी वातूळ, पाला खाल्ला तर पोराचं पोट बिघडेल, अंडं-मासळीचं तर नाव नको. उरलं काय? पांढरा भात, त्यावर तूप, मीठ आणि चिमूटभर मिरी. तोही तांदूळ तीन पाण्यांतून धुवायचा, शिजला की वरचं पाणी, म्हणजे पेज, वेळून काढून गाईपुढे ठेवायची आणि मऊ भात मला वाढायचा. घरातलं सगळं तूप माझ्या ताटात यायचं. त्या आणि हे मात्र नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खायचे. त्या पिठल्याला लसणीची फोडणी बसली की मला घरभर वास यायचा, पण मागायची छाती नव्हती. आणि त्या इतक्या मायेनं करत होत्या की मागितलं असतं तर त्यांना वाईटच वाटलं असतं.

महिनाभरानं माझ्या पावलांना मुंग्या यायला लागल्या. पोटऱ्या जड झाल्या. खाली बसले की उठताना भिंत धरावी लागे. मला वाटलं, बाळंतपणाचा अशक्तपणा असेल, म्हणून कुणाला बोलले नाही. मग मुलगी अंगावर पिईनाशी झाली. प्यायली तरी ओकून टाकायची. चेहरा सुजल्यासारखा, ओठ फिके. रडणं आधी घोगरं झालं आणि मग आवाजच बंद.

आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेजारणी येऊन बघून गेल्या आणि बाहेर जाऊन हळू आवाजात बोलल्या. त्या काय बोलल्या असतील ते मला न ऐकताच कळलं होतं. हे अंगणात येरझारा घालत होते. शेवटी दारात येऊन म्हणाले, "गाडी जोडतो. कर्जतला डाक्टर हायेत त्यांच्याकडं जाऊ."

"सव्वा महिना व्हायच्या आदी बाळंतिणीनं बाहेर…" आत्याबाई म्हणायला लागल्या आणि मधेच थांबल्या. सव्वा महिना कधीच उलटून गेला होता. त्यांनी घोंगडी आणून गाडीत पसरली आणि स्वतःही चढून बसल्या.

डॉक्टर म्हातारे होते. सारी उमेदीची वर्षं रंगूनला नोकरीत घालवून इकडे येऊन राहिले होते, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यांनी मुलीच्या छातीला नळी लावली, पाय दाबून पाहिले. मग तिला आत्याबाईंच्या मांडीवर दिलं आणि माझ्याकडे वळले. माझी पोटरी दाबली तशी मी ओरडलेच. "खाली बसून उठा बरं," म्हणाले. मी बसले, पण मला उठता येईना. ह्यांनी हात धरून उठवलं.

"बाई, तुम्ही जेवता काय?"

माझ्या आधी आत्याबाईच बोलल्या, "भात-तूप, डाक्टर. दोन वेळा. तुपाला आमी कमी करत नाय."

"तांदूळ घरचा?"

"घरचा, पन गिरनीत काढलेला. एकदम पांढरा."

"आणि कोंडा?"

"गाईला."

"पेज?"

"ती पन गाईला."

डॉक्टरांनी नळी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "आजी, तुमच्या घरात सगळ्यात चांगलं जेवण गाय जेवते."

ते रागावून बोलले नाहीत. उलट आत्याबाईंच्या समोर स्टूल ओढून बसले आणि सावकाश समजावू लागले. तांदळाच्या दाण्यावर तांबूस साल असते, तिच्यात कस असतो. गिरणीत ती साल निघून जाते. एरवी माणूस भाकरी खातं, कडधान्य खातं, पालेभाजी खातं, त्यातून तो कस भरून निघतो. म्हणून घरातली बाकीची माणसं ठणठणीत. "हिचं तेही बंद केलंत. हिच्या अंगात नाही ते हिच्या दुधात कुठून येणार? रंगूनला मी अशी पोरं पाहिली आहेत."

"ती पोरं जगली का, डाक्टर?" ह्यांनी विचारलं.

"वेळेवर आणली ती जगली." एवढंच म्हणाले. मुलीकडे पाहून पुढे म्हणाले, "आता वेळ घालवायचा नाही."

त्यांनी सांगितलं ते असं. आठ दिवस मुलीला माझं दूध द्यायचं नाही, शेळीचं द्यायचं. घरी ताजं भात कांडून त्याचा तांबूस कोंडा बारीक चाळायचा, पाण्यात भिजत घालायचा, ते पाणी फडक्यातून गाळून आटवायचं आणि दिवसातून सात-आठ वेळा चमचा चमचा पाजायचं. मी हातसडीचा तांदूळ खायचा, न वेळता. सालीसकट मूग, कुळीथ, नाचणी, अंडं, मिळेल तो पाला, सगळं खायचं.

"आणि औषध?" आत्याबाईंनी विचारलं.

"हेच औषध."

परतताना गाडीत आत्याबाईंनी मुलीला पदराखाली घेतलं होतं. घर जवळ आलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हंजी मीच पोरीला उपाशी ठेवली."

 मी त्यांचा हात धरला. तो घट्ट्यांचा खरखरीत हात माझ्या हातात नुसता पडून राहिला.

घरी पोचल्या तशा त्यांनी पदर खोचला, कणगीतलं भात काढलं आणि उखळ स्वच्छ पुसून घेतलं. वर्षभरानं अंगणात मुसळाचा आवाज झाला तशा शेजारच्या दोघी बघायला आल्या. काय झालं ते ऐकून एकीनं घरून आपलं मुसळ आणलं आणि समोर उभी राहिली. दुसरी शेळीचं दूध घेऊन आली. तिन्हीसांजेच्या आत कोंड्याचं पाणी तयार झालं, गुळमट वासाचं, मातकट रंगाचं. पहिला चमचा मुलीनं बाहेर काढला. दुसरा अर्धा गिळला. तिसरा गिळला.

त्याच संध्याकाळी माझ्यापुढे ताट आलं. तांबूस भात, कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी आणि वर एक उकडलेलं अंडं. एवढ्या काळजीतसुद्धा पिठल्याचा पहिला घास तोंडात गेला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंना वाटलं मी मुलीसाठी रडते आहे. मी त्यांना खरं कारण कधीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीनं ओकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आलं होतं, मी भिंतीला टेकून पाय शेकत बसले होते, आत्याबाई कांडत होत्या. कुठूनतरी पोराच्या रडण्याचा आवाज आला. बारीक, घोगरा, तुटक. मला वाटलं शेजारचं पोर आहे. आत्याबाईंचं मुसळ वरच्या वर थांबलं.

"कुनाचं गं?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या मुसळ टाकून आत धावल्या, मी भिंत धरत धरत मागून गेले. पाळण्यात माझी मुलगी हातपाय झाडत रडत होती आणि तिचं रडणं ऐकू येत होतं. आत्याबाईंनी तिला उचललं आणि होत्या तिथेच जमिनीवर बसल्या. "रड गं माजे बाय, रड. अजून रड," म्हणत त्या हसत होत्या आणि डोळे गळत होते. त्यांच्या केसांना, भुवयांना कोंडा चिकटला होता. हे शेतातून आमचा गलका ऐकून धावत आले ते काहीतरी वाईट झालंय असं समजूनच. दारात उभे राहून त्यांनी तो आवाज ऐकला आणि ते उंबऱ्यावरच ऐकत बसले. बराच वेळ कुणी तिला उगी केलंच नाही. शेवटी शेजारीण आत येऊन म्हणाली, "अगं, पोर भुकेलंय, तिला दूध द्याल का नाय?"

आठ दिवसांनी डॉक्टरांनी मला अंगावर पाजायची परवानगी दिली. ती पिताना मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. छातीवरचं ओझं कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. माझ्या पायांना वेळ लागला. फाल्गुन संपता संपता मुंग्या गेल्या. एके दिवशी ताज्या सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवला आणि तिचा गारवा तळव्यांना जाणवला, तेव्हा मी मुद्दाम घरभर फिरून आले.

भात आम्ही पुढे घरीच कांडलं, पण रोज नाही. ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून पाळ्या लावल्या, चार घरच्या बाया एकत्र जमायच्या, त्यामुळे कुणा एकीचा जीव जात नसे. आत्याबाईंना मात्र मी मुसळ धरू द्यायची नाही. त्या सूप घेऊन बसायच्या आणि पाखडता पाखडता प्रत्येक नव्या सुनेला विचारायच्या, "काय जेवतेस गं?"

पावसाळ्यात डोंगरातल्या ठाकरणी पाटीत टाकळा, कुर्डू घेऊन दारावरून जात. पूर्वी अंगावर पाजणाऱ्या बाईला आमच्या घरात तो पाला कुणी दिला नसता. त्या वर्षी आत्याबाईंनी पाटी खाली उतरवून घेतली, ठाकरणीला पेज प्यायला दिली आणि कुठला पाला कसा शिजवायचा ते तिच्याकडून विचारून घेतलं.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला. पाचव्या दिवसापासून माझ्या ताटात मुगाचं कढण, नाचणीची आंबील, शेवग्याच्या पाल्याची भाजी, सगळं यायचं. गावातल्या एक वयस्क बाई बघायला आल्या होत्या. ताट बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. "बाळंतिणीला ह्ये काय वाढलंस गं?"

 आत्याबाईंनी अंगणात खेळणाऱ्या माझ्या मुलीला हाक मारली, आत बोलावलं आणि त्या बाईंच्या पुढ्यात उभी केली. मुलीचा दंड धरून म्हणाल्या, "बघ जरा." मुलगी हात सोडवून घेत जोरात ओरडली आणि पळून गेली. त्या बाई हसल्या, मीही हसले. मग आत्याबाईंनी माझ्या भातावर आणखी एक पळी कढण वाढलं आणि मी जेवायला लागले.