स्वप्नातली पाच बोटं

स्वप्न विसरू नये म्हणून मी उठल्याबरोबर, तोंडही न धुता, ते उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचो. स्वप्नातच भान यावं म्हणून दिवसभर बोटंही मोजायचो. आकडा चुकला की ओळखायचं, आपण झोपेत आहोत. महिन्याभरानं जमलं. स्वप्नात वडील भाकर मोडत होते आणि त्यांच्या उजव्या हाताला पाचही बोटं होती. म्हणजे हे खोटं! त्यातली दोन एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात तुटली आणि वर चूक त्यांचीच ठरवली गेली. उरलेली पत्रकं त्याच्याच निषेधाची होती. मी संतापून ओरडलो आणि जागा झालो. सकाळी चहा घेताना वडिलांना सांगितलं.

"मंग उठला कशाला, येड्या?" ते म्हणाले. "दोन घास खाऊ द्यायचे व्हते मला."