बाकीचं सगळं वहिनी

अन्याय माझ्या आईवर झाला. मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी चार वाजता, कॅनडात, ग्वेल्फमधल्या आमच्याच हॉलमध्ये, तिनेच केलेला चहा पिता पिता. वेळ आणि जागा मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळेच म्हणाले, "असं कधी झालं?"

ऑगस्टमध्ये अटलांटिकच्या काठी जायचं घाटत होतं. पाण्याला लागून लांबच लांब लाकडी फळ्यांचा रस्ता, त्यावर आइस्क्रीमची दुकानं, जुना आकाशपाळणा, ओळीने बाकं, असं ते गाव. आईने फोटो पाहिला आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच ट्रिपमधून स्वतःसाठी काही मागितलं. "मला त्या बाकावर बसायचंय. दिवसभर. कुणी उठवायचं नाही." नागपूरची बाई ती, समुद्र पाहिलाय तो बहुतेक विमानाच्या खिडकीतून.

बाबांचे कॉलेजातले मित्र, म्हणजे आमचे काका, दोन मुलांना घेऊन सोबत येणार होते. काकू उन्हाळाभर पुण्यात. त्या रविवारी काका आमच्याकडे आले होते आणि त्यांनी आपल्या फोनमधली कामांची यादी वाचून दाखवली. "बुकिंग मी. ड्रायव्हिंग आम्ही दोघं. गेम्स, म्युझिक मुलं. बाकीचं सगळं वहिनी!"

सगळे हसले. आईसुद्धा. मला हसू येईना.

मी भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं लिहिते. घरमालकाच्या कागदात 'इतर' दिसलं की आधी तिथे बोट ठेवायचं, एवढं मी शिकलेय. 'बाकीचं' त्याचाच सख्खा भाऊ. मी काकांचा फोन मागून घेतला. फळ्यांच्या रस्त्यावरचं हॉटेल बघून सोडून दिलेलं. निवडलेलं घर समुद्रापासून गाडीने पंधरा मिनिटं आत. आणि शोधताना एकाच चौकटीत खूण: 'फुल किचन'.

"हे का, काका?"

"अगं, आठवडाभर बाहेरचं कोण खाणार? मुलांना वरणभात लागतो."

"तुमची मुलं वरणाला हात लावत नाहीत."

"झाली हिची सभा सुरू!" काका म्हणाले. बाबांनी कपात तोंड घातलं. धाकटा भाऊ सोफ्यावरूनच बोलला, "ताई, इट्स जस्ट अ लिस्ट."

मी बेसमेंटमध्ये गेले. माझा संशय खरा निघाला. ट्रिपला तीन महिने होते आणि आईची बॅग भरायला घेतलेली होती. धाकटा कुकर, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, भाजणीची पिशवी. तिचा स्वतःचा एक कपडा नाही.

"हे भरायला तुला कुणी सांगितलं?" मी खाली आलेल्या आईला विचारलं. बाबा की काका, एवढंच मला हवं होतं.

तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. मेसेज माझा होता. "आई, बीचवर थालीपीठ हवं हं! भाजणी विसरू नकोस." खाली तीन बदाम.

आरोपींची यादी मी काढली होती, आणि तिच्यात माझंच नाव नव्हतं.

वर येऊन मी तो मेसेज सगळ्यांसमोर वाचून दाखवला. मग म्हटलं, बुकिंग शुक्रवारपर्यंत बदलता येतं, तर बदला.

"आणि जेवायचं काय?" काका.

"आकाशपाळण्याखाली मिळेल ते," बाबा म्हणाले. त्या दुपारचं त्यांचं पहिलं वाक्य. काकांनी कुरकुरत, पण तिथेच बसून हॉटेल घेतलं. आईने बॅगेतला कुकर काढून फळीवर ठेवला आणि विचारलं, "नक्की ना?" तिचा आमच्यावर विश्वास नव्हता.

बरोबरच होतं तिचं. निघायच्या दिवशी गाडीच्या डिकीत, टॉवेलांखाली, मला तोच कुकर सापडला. "असू दे गं, इमर्जन्सीला," असं म्हणणारे तिघं होते: बाबा, काका आणि धाकटा भाऊ. मी तो घरात नेऊन ठेवला.

आता तुम्ही. तुमच्या ट्रिपची यादी उघडा, 'बाकीचं' कुणाच्या नावावर आहे ते बघा, मग त्या बाईला पाठवलेले स्वतःचे मेसेज वाचा. आणि डिकीतला कुकर बाहेर काढा. आज, निघायच्या आधी.