मल्चिंग पेपरचं लढाऊ विमान

तारीख एकोणीस एप्रिल. काम टोमॅटोच्या वाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरायचं. त्याऐवजी आम्ही त्या पेपरचं लढाऊ विमान बांधलं.

(मल्चिंग पेपर म्हणजे वरून चंदेरी, खालून काळा असा प्लास्टिकचा कागद. वाफ्यावर अंथरला की तण वर येत नाही. त्याची विमानं करावीत असं गुंडाळीवर कुठंही लिहिलेलं नव्हतं, हे मला मान्य आहे.)

सुरुवात मंचरहून झाली. आमच्या लेकीचं, प्राजक्ताचं, मंचरच्या निखिलशी जमलं होतं. दोघं एका कॉलेजातले, त्यामुळे जमवायचं काम त्यांनी परस्पर उरकलं होतं. आम्हा मोठ्यांना फक्त साखरपुड्याची तारीख धरायची होती. निखिलचे वडील दशरथराव कांद्याचे व्यापारी. माणूस दिलदार, पण एक खोड होती. फोनवर आलेला प्रत्येक व्हिडिओ त्यांना खरा वाटायचा आणि तो खोटा म्हणणारा माणूस वैरी वाटायचा. अशाच एका व्हिडिओवरून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं होतं!

त्या सकाळी त्यांनी ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एक विमान पाठवलं. लांबच्या कुठल्याशा देशाच्या सरकारनं म्हणे जगातलं सगळ्यात भारी लढाऊ विमान बनवलं. रडारला दिसत नाही, आवाज करत नाही, आणि शत्रूला कळायच्या आत घरी परत येतं.

"बघ, बघ! याला म्हणतात प्रगती!" हे म्हणाले.

मी पेपरची गुंडाळी खाली ठेवली आणि बघितलं. आत बसलेल्या वैमानिकाचे गुडघे त्याच्या हनुवटीला लागत होते. मागं उभा असलेला मंत्री विमानापेक्षा उंच दिसत होता. आणि अख्ख्या व्हिडिओत ते जागचं हललं नव्हतं.

"उडताना कुठं दाखवलंय?" मी विचारलं.

"अगं, दिसतच नाही ते! दाखवणार कसं?"

"मग आता कसं दिसतंय?"

ह्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. पडवीत खुर्चीवर बसलेले माझे सासरे, आबा, खुदकन हसले. आबांनी जन्मभर बेल्ह्याच्या बाजारात बैल घेतले होते. विकणारा बैलाच्या शिंगांचा रंग दाखवायला लागला की आबा आधी बैलाचा जबडा उघडून दात मोजायचे. मी नवी सून म्हणून आले तेव्हा स्वयंपाक सासूबाईंनी शिकवला आणि संशय आबांनी.

"आन बरं हिकडं," म्हणून आबांनी फोन डोळ्यांशी धरला. "सूनबाय, हे तर मांडवाचं काम हाय! जत्रंत फोटो काढायला ठेवत्यात तसलं."

"आबा, सरकार खोटं बोलेल का?" हे म्हणाले.

यावर आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मला पाणी आणावं लागलं.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला बोलून थांबायची सवय नाही, करून दाखवायची आहे. "असलं विमान मी दुपारपर्यंत बांधून देते," मी म्हणाले.

दोन बांबू, ठिबकच्या जुन्या नळ्या, सुतळी आणि मल्चिंग पेपर. नाकाच्या जागी डिझेल ओतायचं नरसाळं. वैमानिकाची जागा म्हणून कोंबड्या झाकायचा डालगा. आबा खुर्चीतून सूचना देत होते, "पंख रुंद कर, पंख! गरिबाचं इमान दिसतंय!" प्राजक्ता सुतळी बांधता बांधता हसून लोळत होती. खोटं कशाला सांगू, मल्चिंगचं काम पडून राहिलं याचं त्या दिवशी मला काहीही वाटलं नाही. घरात सगळी माणसं एका कामावर, असे दिवस नंतर फार आले नाहीत.

बारा वाजेपर्यंत गोठ्यामागच्या खळ्यात विमान उभं राहिलं. व्हिडिओतल्यापेक्षा बरंच बरं होतं. निदान माझा वैमानिक ऐसपैस बसला असता.

"आई, दगडाला बांधून ठेवू का?" प्राजक्तानं विचारलं.

"कशाला? हे काय उडणार आहे?"

आणि तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. ह्यांचा चेहरा बघूनच मला कळलं.

"दशरथराव! ओतूरला लग्नाला आलेत. म्हणाले, तुमचं डिंगोरं इथनं जवळच आहे, तर तारीख धरूनच जातो. अर्ध्या तासात पोचतायत!"

मी पोह्यांकडे धावले, प्राजक्ता साडीकडे, आणि हे माझ्या मागं.

"हे बघ, त्यांच्यापुढं विमानाचं नाव काढायचं नाही. सख्ख्या मेव्हण्याला सोडलं नाही त्यांनी!"

"नाही काढत."

"शपथ घे."

"पोहे करू का शपथा घेऊ?"

प्राजक्ता दारात उभी होती. "आई, प्लीज," एवढंच म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी मुकाट्यानं मान हलवली.

दशरथराव आले ते लग्नातला गुलाबी फेटा तसाच डोक्यावर ठेवून. मागं त्यांची बायको आणि निखिल. अंगणात खुर्च्या मांडल्या, पोहे दिले. तारखेचं बोलणं निघणार, इतक्यात दशरथरावांनी ह्यांना विचारलं, "पावणं, सकाळचं इमान बघितलं का?"

"बघितलं, बघितलं! लई भारी!" हे म्हणाले.

"तुमी बघितलं का हो, विहीणबाई?"

"हो," मी म्हणाले. (एका शब्दात खोटं बोलता येत नाही, म्हणून मी एकच शब्द वापरला.)

"काय काय येडी लोकं म्हणत्यात, ते खोटं हाय!"

"हो का?" मी म्हणाले. पडवीतून आबांचा ठसका ऐकू आला.

"असल्यांशी मी सोयरिकच काय, चहासुदिक पीत न्हाई!"

मी घाईघाईनं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. आणि तेव्हाच पलीकडच्या वावरातून वावटळ उठली. एप्रिलच्या दुपारी आमच्याकडे ती उठतेच. पाचोळा गोल फिरला, गोठ्याचा पत्रा खडखडला, आणि गोठ्याच्या छपरावरून एक चंदेरी नाक वर आलं.

मग डालगा. मग दोन्ही पंख.

मी बांधलेलं विमान उडालं! कडब्याच्या गंजीवरून वळलं, कोंबड्या ओरडत पांगल्या, आणि आवाज न करता, कोणाला कळायच्या आत, ते थेट पाहुण्यांवर आलं. दशरथरावांचा फेटा उडाला. पोह्यांची ताटली उडाली. विमान अंगणात पोटावर घसरत जाऊन तुळशीच्या कट्ट्याला नाक टेकून थांबलं.

निखिलच्या आईचा चमचा तोंडाजवळच राहिला होता.

"हे... हे टोमॅटोचं नवीन शेड आहे," हे म्हणाले.

"शेडला नाक?" दशरथरावांनी विचारलं.

"आवं, कशाला लपवायचं?" पडवीतून आबा म्हणाले. "आमच्या सूनबायनं बांधलंय. तुमच्या फोनातलं इमान खोटं हाय, हे दावायला!"

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची खुर्ची अजून पडवीत आहे. हलवायचं राहून गेलंय, एवढंच. पण त्या क्षणी ती खुर्ची आबांसकट विहिरीत टाकावी असं मला वाटलं होतं.

प्राजक्ताचा चेहरा पांढराफटक पडला. दशरथराव उठले. उघड्या डोक्यानं विमानाभोवती एक फेरी मारली. पंख दाबून बघितला. नरसाळं वाजवून बघितलं. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"विहीणबाई, हे तुमी बांधलं?"

"हो."

"खोटं इमान उडत नसतं, असं तुमचं म्हणणं?"

"हो."

"मग हे उडालं का न्हाई?"

"वावटळीनं—"

"उडालं का न्हाई, एवढंच सांगा!"

मी प्राजक्ताकडे बघितलं. ती निखिलकडे बघत होती आणि निखिल जमिनीकडे.

"उडालं," मी म्हणाले.

"ऐकलं का सगळ्यांनी?" दशरथरावांनी मांडीवर थाप मारली. "अवो, बांबूचं उडतंय, तर सरकारचं का न्हाई उडणार? त्याला तर इंजिन हाय!"

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी पुरावा दिला असावा. इतके खूश झाले की त्यांनी विमानाजवळ उभं राहून माझ्यासोबत फोटो काढला, तो तिथल्या तिथं मेव्हण्याला पाठवला, आणि त्याच दमात साखरपुड्याची तारीख धरून टाकली. मी सगळ्यांना साखर वाटली. आबांना जरा कमी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारा काढून उठत होते, तोच फोनवर व्हिडिओ आला. दशरथराव. या वेळी ह्यांना नाही, थेट मला. त्याच सरकारची पाणबुडी! म्हणे माशांनाही दिसत नाही. मी नीट बघितलं. टिपाडाला टिपाड, म्हणजे पिंपाला पिंप, जोडून रंग दिला होता. एकाचं झाकण स्पष्ट दिसत होतं. डेअरीत दुधाचं फॅट मशीनवर स्वतः वाचल्याशिवाय पाऊल न हलवणारी मी बाई. पदराला हात पुसले आणि लिहिलं, "लई भारी! आणखी असतील तर पाठवा."